शंभरातले अठ्ठावन्न

चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून बाई खुर्चीत बसल्या होत्या. नाकावर लोखंडी, जड चौकट, तिच्यात एकावर एक सरकवलेली भिंगं, समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. "आता बघा, आधीचं बरं की हे बरं?" चष्मेवाला विचारत होता. आधीचं की हे. हा प्रश्न बाईंना जन्मभर कुणी ना कुणी विचारत आलं होतं आणि उत्तर द्यायला त्यांना कधी वेळ लागत नसे. आज मात्र दोन्ही सारखीच धूसर वाटत होती. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. शहराबाहेरच्या डेअरीचा व्यवस्थापक होता. हा गृहस्थ आधी तब्येत विचारायचा, मग हवापाणी, मग कामाचं बोलायचा. आज त्याने तब्येत विचारली नाही. "बाई, तुमच्या टाकीत दोन माणसं गेली," तो म्हणाला. बाईंना वाटलं गेली म्हणजे आत उतरली. "अहो, उतरू देऊ नका कुणाला, वर घ्या आधी," त्या घाईने म्हणाल्या. पलीकडे मागे कुठेतरी गाय हंबरली. "बाई, गेली म्हणजे गेली," तो म्हणाला. बाई उठल्या, पर्स उचलली आणि चालू लागल्या. रस्ता वाकडा का दिसतोय हे त्यांना कळेना. मागून चष्मेवाला धावत आला, "अहो बाई, चौकट! चौकट राहिली नाकावर!" त्यांनी ती काढून त्याच्या हातात दिली. कडेला उभी असलेली दोन माणसं हसली, आणि बाईही सवयीने थोडंसं हसल्या.

डेअरीला जाणाऱ्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि "तुमच्या टाकीत" हे दोन शब्द त्यांच्या मांडीवर येऊन बसले. टाकी त्यांची नव्हती. टाकी डेअरीची, सिमेंट ठेकेदाराचं, पंप कुठल्याशा कारखान्याचा. बाईंचा होता तो आकडा. अठ्ठावन्न. गाईच्या शेणामुतात शंभर भाग नायट्रोजन असला तर इथल्या पद्धतीने, म्हणजे उघड्यावर ढीग घालून, त्यातले अठ्ठावन्न भाग शेतात पोचायच्या आधीच जातात. काही अमोनिया होऊन हवेत उडतात, काही पावसाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरून विहिरींत उतरतात. आणि तिकडे, ज्या देशाशी बाईंनी तुलना केली तिथे, तेवीस. तिकडे शेण बंद टाकीत साठवतात, पंपाने ढवळतात, नळीने थेट मातीखाली सोडतात. या दोन आकड्यांवर बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. आम्लाच्या बाटल्या घेऊन गोठ्यागोठ्यात हिंडणं, परत येऊन प्रयोगशाळेत थेंब थेंब मोजणं, रंग पालटला की आकडा लिहिणं. पाठीमागे त्यांना शेणबाई म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं. एखादं मोजमाप चुकलं की त्या स्वतःच म्हणायच्या, "आज आपण शेण खाल्लं," आणि सगळी प्रयोगशाळा हसायची. बसमध्ये तो विनोद त्यांच्या जिभेवर आला आणि तिथेच आंबट होऊन राहिला.

अठ्ठावन्न हा आकडा पहिल्यांदा पडद्यावर दाखवला तो दिवस त्यांना आठवला. दोन्ही देशांची माणसं लांब टेबलाशी बसलेली. तिकडच्या एका वयस्क शास्त्रज्ञाने फार मऊ आवाजात विचारलं होतं, "अठ्ठावन्न म्हणालात ना?" कुणी हसलं असतं तर बाईंना चाललं असतं. तो मऊपणा लागला. लहानपणी निकाल हातात घेऊन आई म्हणायची, "असू दे हो, पण ताईचं बघ," आणि त्या "असू दे" मध्ये जे होतं तेच इथे होतं. ताईला गणितात शंभरपैकी नेहमी नव्वदच्या वर. बाईंनी त्या टेबलाशी बसूनच ठरवून टाकलं की आपण हा आकडा खाली आणायचा. देशासाठी, शेतांसाठी, विहिरींच्या पाण्यासाठी, असं त्या नंतर सगळ्यांना सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. पण मुळात त्या मऊ आवाजाला एकदा तोंडावर सांगायचं होतं, आता आमचाही तेवीस आहे.

मग एक पुरा हिवाळा त्या तिकडे जाऊन राहिल्या होत्या. चाळीस गाई सांभाळणाऱ्या एका म्हातारीकडे. भाषा मोडकीतोडकी, पण गाई दोघींच्या ओळखीच्या, त्यामुळे निभावून गेलं. टाकी ढवळायचा दिवस आला तेव्हा म्हातारीने सकाळीच गोठ्याची सगळी दारं उघडी टाकली, गाई बाहेर काढल्या, कुत्रं घरात कोंडलं. बाईंना दंडाला धरून वाऱ्याच्या उलट बाजूला, पार लांब कुंपणाशी नेऊन उभं केलं. बाईंना बाटल्या लावायच्या होत्या. त्या दोन पावलं पुढे सरकल्या तर म्हातारीने त्यांना असं ओढलं की खांदा दुखला. संध्याकाळी तिने सांगितलं. आधी तिचे वडील उतरले होते, अडकलेलं काहीतरी काढायला. ते पडले म्हणून काका उतरला. काका पडला म्हणून थोरला भाऊ. "दूध गरम करायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढ्यात आमच्या घरातले पुरुष संपले," ती म्हणाली. तिलाही उतरायचं होतं, पण आईने तिचा झगा मुठीत धरून ठेवला होता. पुढे कितीतरी दिवस आई ती मूठ सोडेना, जेवतानाही. ढवळलं की शेणातून एक जड वायू सुटतो, टाकीत तळाशी बसून राहतो. आधी घाण वास येतो आणि मग येत नाही. वायू कमी होत नाही, नाक मरतं. दोन श्वासांत माणूस खाली.

परत आल्यावर बाईंनी डेअऱ्यांसाठी जी पुस्तिका लिहिली तिच्या शेवटी एक वाक्य होतं: "टाकी ढवळताना व त्यानंतर आत कुणीही उतरू नये, आत पडलेल्याला वाचवायलाही उतरू नये." संस्थेचे संचालक म्हणाले होते, बाई, चार पानांत बसवा, पाचवं पान कुणी उघडत नाही. आणि तक्ता मोठा हवा, अठ्ठावन्न आणि तेवीस लांबूनही दिसले पाहिजेत. तक्ता मोठा केला तेव्हा त्या वाक्याच्या दोन ओळी पाचव्या पानावर सांडल्या. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं होतं. हे काय सांगायला हवं, असं काहीतरी मनात आलं होतं, किंवा तेही आलं नव्हतं. कागदावर पडलेला केस फुंकरीने उडवावा इतका वेळ लागला. संचालकांनी ओळी काढा असं म्हटलं नव्हतं. कुणीच म्हटलं नव्हतं.

डेअरीत पोचल्या तेव्हा चार वाजले होते. प्रेतं इस्पितळात नेली होती, पोलीस येऊन गेले होते. गाई दावणीला उभ्या राहून निवांत रवंथ करत होत्या. टाकीचं झाकण बाजूला पडलं होतं आणि शेजारी, पंपाच्या तोंडातून ओढून काढलेला, धाटांचा एक पिळा होता, माणसाच्या मांडीएवढा, काळा, अजून निथळत असलेला. तो बघितला आणि बाईंना पंपवाल्याचा आवाज ऐकू आला. टाकी सुरू झाली त्या दिवशी पंपवाला त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला होता. तिशीपलीकडचा, मान जरा खाली घालून बोलणारा. "बाई, ही तुंबली तर?" त्याने विचारलं होतं. "तिकडे वीस वर्षांत एकदाही तुंबली नाही," बाई म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, "तिकडच्या गाई बारीक चारा खात असतील. आपल्याकडे धाटं येतात शेणात." बाईंनी जाळीकडे बोट दाखवलं होतं, "जाळी आहे ना." त्याने मान हलवली, शिकलेल्या माणसापुढे हलवतात तशी, आणि गेला. आता त्या आठवत राहिल्या की आपण त्या वेळी कुठे बघत होतो. उद्घाटनाचा फोटो काढणाऱ्या कॅमेरेवाल्याकडे.

व्यवस्थापकाने पुस्तिका आणली होती, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. "पंप बंद पडला म्हणून पंपवाला उतरला. त्याच्यामागे त्याचा मेहुणा, शेडमध्ये कामाला होता तो. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. बाई, पोलीस विचारत होते, आत उतरण्याबद्दल यात काही सूचना आहे का. मी दोनदा वाचलं. तुम्ही सांगा, आहे का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"नाही ना? म्हणजे मी काही दुर्लक्ष केलं असं नाही." त्याने श्वास सोडला. त्याला मुली होत्या, त्याला नोकरी टिकवायची होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली तिचा बाईंना राग येईना. त्यांनी पुस्तिका हातात घेतली. पहिल्या पानावर गाईचं चित्र, आत तक्ता, भलाथोरला.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी दार लावून घेतलं. "चौकशी होणार," ते म्हणाले. "आपलं काम नायट्रोजनचं. टाकीची बांधणी, माणसांची सुरक्षितता, हे आपल्या कक्षेत येत नाही. पहिला मसुदा कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. त्यात ते वाक्य आहे."

"असू दे. आहे तिथे असू दे." मग जिव्हाळ्याने, "बाई, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. अशा गोष्टी होतात." बाईंना वाटलं हा माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

प्रयोगशाळेत त्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. काचेच्या नळीतून आम्लाचा थेंब सोडायचा, ढवळायचं, बघायचं. हिरवा, हिरवा, हिरवा, आणि एका थेंबात गुलाबी. त्या थेंबाच्या आधी काहीच झालेलं नसतं आणि नंतर काही परत घेता येत नाही. सव्वीस वर्षं हे त्या बघत होत्या आणि त्यात त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आता थेंब सोडायचा राहून जाई, शेजारची मुलगी विचारी, बाई, बरं नाही का? डोळ्यांचा नंबर बदललाय, त्या म्हणत. घरी यजमानांना त्यांनी सगळं सांगितलं. यजमान निवृत्त झालेले, शब्दकोड्यांत बुडालेले, पण ऐकून घेणारे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून शांतपणे विचारलं, "त्या माणसाला वाचता तरी येत होतं का?" बाईंनी व्यवस्थापकाला फोन केला. नाही, पंपवाल्याला वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर अंगठा होता. मेहुणाही तसाच. बाईंनी फोन ठेवला आणि त्यांना भूक लागली. किती दिवसांनी लागली होती. म्हणजे वाक्य असतं तरी तसंच झालं असतं. त्या आधारावर बाई सहा दिवस जगल्या. रस्ता ओलांडताना, दात घासताना, बसची वाट बघताना तो आधार त्या चाचपून बघत, खिशातली किल्ली चाचपावी तसा, आणि तो तिथे असे. पण सातव्या दिवशी तो हाताला थोडा बुळबुळीत लागला. वाचता येत नव्हतं हे खरं. पण पंपवाल्याने तर तोंडी विचारलं होतं, आणि आपल्याला बोलता येत होतं.

नवव्या दिवशी दुपारी, संचालकांना न सांगता, त्या पंपवाल्याच्या बायकोकडे गेल्या. डेअरीच्या मागे कामगारांच्या खोल्या होत्या, एका रांगेत, समाईक नळ. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून कपडे निवडत होती. खाकी शर्टांचा ढीग, डेअरीने दिलेले, सगळे एकाच मापाचे. बाईंनी ओळख सांगितली. तिने वर पाहिलं, पुढ्यातली जागा हाताने साफ केली. "बसा. यांचे कोणते आणि भावाचे कोणते कळत नाही," ती म्हणाली. "आईकडे भावाचे पाठवायचेत. वासावरून तरी ओळखू येतील म्हटलं, तर शेणाचा वास दोघांनाही एकच."

म्हणजे मेहुणा हा हिचाच भाऊ. हे व्यवस्थापकाने सांगितलं होतं की. मेहुणा म्हणाला होता ना तो. पण बाईंच्या मनात तो शब्द नुसता मोजणीतला दुसरा म्हणून राहिला होता. आता तो शर्ट होऊन समोर पडला. काय बोलायचं ते बसमधून येताना त्यांनी घोकलं होतं. पण ती आधी बोलायला लागली, आणि नुसतं कुणीतरी पुढ्यात येऊन बसायचीच वाट बघत असावी तशी बोलत राहिली.

"मी नळावर होते. हे पडल्याचा आवाज नाही आला काही, नुसतं पंपाशी कुणी दिसेना म्हणून गेले. वाकून बघितलं तर आत पाठ दिसत होती यांची. मी ओरडले. भाऊ धावत आला. काठावर थांबला तो, बाई. म्हणाला, आक्का, थांब, दोर आणतो, कुणाला तरी बोलावतो. मी म्हणाले, दोर कसला आणतोस, तुझे दाजी आहेत ते. उतर म्हणाले मी त्याला. तो माझ्याकडे बघत होता. परत म्हणाले, उतर. तेव्हा उतरला." तिने एका शर्टाची घडी घातली, मोडली, परत घातली. "हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. तुम्ही बाहेरच्या म्हणून सांगितलं."

बाईंच्या घोकलेल्या वाक्यांवर धप्पकन झाकण पडलं. आत पडलेल्याला वाचवायलाही उतरू नये. आता हे सांगणं म्हणजे हिच्या हातात काय देणं? काठावर थांबलेला भाऊ बरोबर होता, असं देणं. तू चुकलीस असं देणं. गप्प राहणं किती सोपं झालं होतं, आणि वर ते दयाळूपणाचंही दिसत होतं. हिचा हात हातात घ्यावा, तुझा काही दोष नाही म्हणावं, चहा घ्यावा, बसने परत जावं. संचालकही खूश. ही दया आपल्याला नेमकी आत्ताच कशी आठवली, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. तरीही त्यांनी आधी शेवटचा आधार चाचपून पाहिला.

"त्यांना वाचता येत नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

"यांना नाही. मला येतं," ती म्हणाली. "पंपाचं पुस्तक आलं होतं ते मीच वाचून दाखवलं. सगळं. कुठलं बटण कधी दाबायचं, सगळं पाठ केलं होतं यांनी. तुमचं ते चार पानांचंही वाचलं. गाईचं चित्र आहे ते. त्यात आकडे होते ना, अठ्ठावन्न आणि तेवीस? हे हसले होते. म्हणाले, आपल्याच गाई उधळ्या दिसतात."

बाई ऐकत राहिल्या. बाहेर नळावर कुणीतरी बादली लावली, ती भरत आली तसा पाण्याचा आवाज बदलत गेला. मग त्या बोलल्या, फार हळू नाही, आणि मऊ आवाजातही नाही. "तुमच्या भावाला दोर आणायला जाऊ द्यायला हवं होतं, हे तुम्हाला माहीत असणं शक्य नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. मला माहीत होतं. मी लिहिलंही होतं त्या पुस्तिकेत. मग चार पानांत मावेना म्हणून मीच काढून टाकलं. तुमच्या यजमानांनी मला तोंडी विचारलं होतं, तुंबली तर काय, तेव्हाही सांगितलं नाही."

ती बघत राहिली. तिला कळलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. "काय लिहिलं होतं?" तिने विचारलं.

बाईंनी सांगितलं.

"असं नको. लिहून द्या."

"चौकशीत मी लिहून देणारच आहे."

"त्यांना नाही. मला."

बाईंनी पर्समधून वही काढली, पान फाडलं. ते वाक्य लिहिलं, खाली लिहिलं की हे मूळ मसुद्यात होतं व मी स्वतः काढलं, आणि सही केली, तारीख घातली. तिने कागद घेतला. एकदा मनात वाचला, ओठ हलवत. मग मोठ्याने वाचायला लागली, नवऱ्याला वाचून दाखवत असेल तशी, शब्दाशब्दावर बोट ठेवत, सावकाश. "टाकी ढवळताना व त्यानंतर आत कुणीही उतरू नये." इथे ती थांबली, श्वास घेतला. "आत पडलेल्याला वाचवायलाही..." आणि बोट त्या शब्दावरच राहिलं.

"म्हणजे एकच गेला असता," ती म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. नवऱ्यालाही मी वाचवू शकले असते, हे त्यांच्या मनात होतं. तेही त्यांनी सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही, जा म्हणाली नाही. बाईंना वाटत होतं की तिने काहीतरी फेकून मारावं. दिवस कलला, खोलीतला उजेड शर्टांवरून सरकत भिंतीला गेला. शेवटी तिने कागद बाईंच्या पुढ्यात ठेवला. "उद्या दहाला माझा जबाब घ्यायला येणारेत," ती म्हणाली. "तुम्ही या. हे तुम्ही वाचा. माझ्याने पुन्हा वाचवणार नाही. आणि मी उतर म्हणाले तेही मी सांगणार आहे. तुम्ही अडवू नका."

"नाही अडवणार," बाई म्हणाल्या.

रात्री संचालकांचा फोन दोनदा येऊन गेला. त्यांनी उचलला नाही. सकाळी त्या मसुद्याची फाईल घेऊन निघाल्या. यजमान दारापर्यंत आले, नुसती छत्री पुढे केली, पाऊस नसताना. दहाला पाच मिनिटं कमी असताना त्या खोलीत पोचल्या. जबाब लिहून घेणारा आधीच येऊन बसला होता, गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. ती भिंतीला पाठ लावून बसली होती, केस विंचरलेले, नजर दाराबाहेर. तिने सरकून जागा केली. त्या माणसाने बाईंकडे वर-खाली पाहिलं.

"आपण मयतांच्या नात्यातल्या का?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि कागद उघडून वाचायला लागल्या.